सोमवारचा अकराचा तास

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात माझ्या टेबलाशेजारी एक लोखंडी खुर्ची आहे. तिचा एक पाय आखूड, म्हणून खाली जुन्या प्रश्नपत्रिकांची घडी घातलेली. या खुर्चीवर डॉ. मल्लिनाथ बिराजदार अकरा वर्षं बसले. स्टाफरूममधल्या खुर्च्या मोजून मापून, कायम प्राध्यापकांपुरत्या. आणि सर तासिका तत्त्वावरचे. म्हणजे शिकवलं तेवढ्या तासांचं मानधन. दिवाळी, उन्हाळा, आजारपण ज्याचं त्यानं बघायचं.

मी इथला हेडक्लार्क, चांदपाशा. सरांची नियुक्तिपत्रं माझ्याच हातची. दर जुलैत नऊ महिन्यांचं पत्र टाईप करायचं आणि शेवटी एक ओळ घालायची, 'सदर नेमणुकीमुळे आपणास सेवेत कायम होण्याचा कोणताही हक्क प्राप्त होणार नाही.' अकरा वर्षांत ती ओळ मी अकरा वेळा टाईप केली. सर पत्र शेवटपर्यंत वाचायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "चांदभाई, टाईपिंग मात्र तुमचं झकास."

सर मूळचे शिरूर अनंतपाळ तालुक्यातले. शिकले लातूरला, आमच्याच महाविद्यालयात. एम.कॉम. झाले, नेट झाले, पुढे नांदेडच्या विद्यापीठातून पीएच.डी. केली, तीही तुरीच्या बाजारभावांवर. त्यासाठी तीन वर्षं रोज सकाळी सायकलीवर मार्केट यार्डात जाऊन बोर्डावरचे भाव वहीत उतरवून घेतले. तो प्रबंध आमच्या ग्रंथालयात आहे, चॉकलेटी बांधणीचा. माझ्या माहितीप्रमाणे त्याला आजवर दोनदा हात लागला, दोन्ही वेळा झाडलोट करताना.

शिकवायचे मात्र असं की ऐकत राहावं. बी.कॉम. तिसऱ्या वर्षाला कृषी विपणन, सोमवार आणि गुरुवार, अकराचा तास. खडू स्वतःचा आणायचे, कारण कार्यालयातून खडू मिळायला मागणीपत्रावर विभागप्रमुखांची सही लागते आणि विभागप्रमुख अकरा वाजता चहाला गेलेले असतात. सरांच्या तासाला मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाईल खिशात ठेवायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि पोरांच्या बाबतीत मी फार उदार मताचा माणूस नाही.

सरांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. संस्थेनं त्यांच्या विषयाचं एक पूर्णवेळ पद भरायचं ठरवलं होतं आणि तो प्रस्ताव माझ्या कपाटात एका हिरव्या फाईलमध्ये होता. पद सरांचंच, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे धरून चालले होते. गावाकडे त्यांचे वडील मडिवाळप्पा दर वर्षी पारावर सांगायचे, "येत्या जूनला आमचा मल्लू पर्मनंट व्हतोय." कितीतरी जून आले नि गेले. सर फाईलबद्दल सरळ कधी विचारायचे नाहीत. खुर्चीत बसता बसता कपाटाकडे बघून म्हणायचे, "हिरवी हाय न्हवं जागेवर?" मी म्हणायचो, "हाय." एवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

मग ते परिपत्रक आलं. पदवीधरांना नोकऱ्या मिळत नाहीत, कारण त्यांना प्रत्यक्ष कामाचं काही येत नाही. सबब उद्योगातल्या अनुभवी व्यक्तींना अध्यापनात सामील करून घ्यावं आणि तसा अहवाल पाठवावा. कल्पना वाईट नव्हती. मी वाचली तेव्हा मलासुद्धा पटली. पण आमच्याकडे कुठलीही चांगली कल्पना आली की पहिला प्रश्न तिचे तास कुणाच्या वेळापत्रकातून काढायचे हा असतो. कायम प्राध्यापकांच्या तासांना हात लावला तर त्यांचा कार्यभार कमी पडतो आणि ते अतिरिक्त ठरतात. राहिले सर. त्यांना काहीच ठरता येत नव्हतं. सोमवार-गुरुवार दोन्ही तास उद्योगतज्ज्ञाला गेले.

पत्र मीच टाईप केलं. सरांनी ते नेहमीसारखं शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं होतं, चिडतील. ते म्हणाले, "तिसरं प्रकरण अर्ध्यावर हाय, चांदभाई. त्यांना सांगा, तिथनं उचला म्हणावं."

उद्योगतज्ज्ञ म्हणून प्राचार्यांनी निवडले रविकिरणशेठ. एमआयडीसीत त्यांची मोठी डाळमिल. निमंत्रण घेऊन मीच गेलो. शेठ माणूस दिलदार. चहा पाजला, पत्र बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "येतो की. पण मला सांगा चांदभाई, तुमची पोरं काय कामाची? धा पोरं ठेवून बघितली. कुणाला डाळीला हात लावायचा न्हाई, सगळ्यांना केबिनमधी बसायचंय. खरेदीला भरवशाचा माणूस न्हाई माझ्याकडं. हाय का कुणी तुमच्यात कामाचा?"

आता त्या क्षणी माझ्या तोंडून सरांचं नाव गेलं. सरांचे तास गेले होते, घरी आरतीवहिनी शिकवण्या घेऊन संसार ओढत होत्या, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात सर मिलमध्ये लागले. या योजनेतून आमच्या महाविद्यालयाच्या एकाच पदवीधराला नोकरी लागली, ती ही. प्राचार्यांनीही संधी दवडली नाही. 'उद्योगक्षेत्रात रुजू झालेले माजी विद्यार्थी' या तक्त्यात त्यांनी सरांचं नाव माझ्याकडून पहिल्या क्रमांकावर लिहून घेतलं.

शेठ पहिल्या सोमवारी स्वतः आले. फ्लेक्स लागला, शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. शेठ पंचवीस मिनिटं बोलले. त्यांचे आजोबा एका धोतरावर लातूरला आले तिथपासून सुरुवात होती; मधे दोन फोन आले, आजोबा धोतरावरून पुढे सरकले नाहीत. तिसरं प्रकरण होतं तिथंच राहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या सोमवारी शेठ हैदराबादला होते, त्याच्या पुढच्या सोमवारी लग्नात; गुरुवार तर त्यांच्या हिशेबातच नव्हता. अहवालात तास झाल्याची नोंद मात्र होत राहिली. ती मी केली, आणि माझ्या हस्ताक्षरात आहे, म्हणून नाकारत नाही.

इकडे सर मार्केट यार्डात सौद्याला उभे राहू लागले. सोबतीला मिलचे जुने मुनीम गुरुपादप्पा. सत्तरीला टेकलेले, उदगीरकडचे, चिडले की कानडीत बोलणारे. लातूरच्या बाजाराची एक रीत आहे. सकाळी मालाचा नमुना एका लहान कापडात बांधून आणतात, ती पोटली. पोटली सोडायची, दाणा हातावर घ्यायचा, बोली लावायची. त्यावर दिवसाचा भाव फुटतो. सर दुसऱ्याच दिवशी वही काढून तो भाव लिहायला लागले, तशी गुरुपादप्पांनी त्यांच्या वहीवर हात ठेवला.

"काय करालावं मास्तर?"

"आजचा भाव लिहितोय."

"ह्यो पोटलीचा भाव. पोटली बांधताना कोण खराब दाणा बांधतंय का? पोतं उघडू द्या, माती निघू द्या, ओल बघू द्या. मग जो निघंल त्यो भाव."

सर त्या दिवशी दुपारपर्यंत पोत्यांपाशी उभे राहिले. पोत्याला टोचून नमुना काढायची सळई असते, ती चारही अंगांनी घालून बघत राहिले. संध्याकाळी ते थेट माझ्या घरी आले, चप्पलसुद्धा न काढता ओट्यावर बसले. "चांदभाई," ते म्हणाले, "तीन वर्षं मी बोर्डावरचा भाव लिहून घेतला आणि शेतकऱ्याला तोच मिळतो असं धरून चाललो. माझा सगळा प्रबंध पोटलीवर हाय. पोतं मी उघडलंच न्हाई."

मी म्हणालो, "तुम्ही तर शेतकऱ्याचं पोर. तुम्हाला कसं ठाऊक न्हाई?"

"आमच्या आप्पांनी कधी यार्डात माल आणला? घरच्या दारात व्यापारी यायचा, काटा लावायचा, न्यायचा. यार्ड मी बघितलं ते सायकलीवरनं, बोर्डापुरतं." आणि मग स्वतःलाच हसले. "अकरा बॅचला चुकीचं शिकवलं. सगळे पास झाले."

म्हणजे ते परिपत्रक लिहिणारा कोण होता देव जाणे, पण त्याचं म्हणणं खरं निघालं होतं. वर्गाला यार्डाची गरज होतीच. फक्त ती भागली कशी, हे बघायला परिपत्रकवाला तिथं नव्हता.

दिवाळीनंतर प्राचार्यांनी शेठना फोन केला. महाविद्यालयाला दर्जा देणारी मूल्यांकन समिती फेब्रुवारीत येणार, उद्योगतज्ज्ञ वर्गात दिसायलाच हवा. शेठनी बाजारातल्या रीतीप्रमाणे मार्ग काढला. बाजारात जो तो आपल्या ऐवजी माणूस पाठवतो. त्यात गैर काही नाही, शब्द शेठचाच धरला जातो. ते सरांना म्हणाले, "मास्तर, माझ्या जागी तुम्ही जात जा. तुम्हाला तिथलं ठाऊक बी हाय."

आणि सोमवारी पावणेअकराला मिलच्या पांढऱ्या जीपमधून उद्योग प्रतिनिधी म्हणून मल्लिनाथ सर उतरले.

मी खिडकीत उभा होतो. फाटकापाशी प्राचार्य गुलाबाचं फूल घेऊन थांबले होते. त्यांना आधी शेठ कुठं दिसेनात, मग सर दिसले. माणूस क्षणभर गोंधळला. पण प्राचार्य व्हायला जे लागतं ते त्यांच्यात भरपूर होतं. फूल पुढं झालं. "या या, बिराजदारसाहेब." अकरा वर्षं ज्यांना ते 'अहो, तुम्ही' एवढंच म्हणत आले, त्यांना त्या दिवशी आडनाव मिळालं, साहेब मिळाला, प्राचार्यांच्या केबिनमध्ये गादीची खुर्ची मिळाली आणि कपबशीतून चहा मिळाला. शिपाई ट्रेमध्ये नवी खडूपेटी घेऊन मागे मागे चालला. सर माझ्या खिडकीकडे बघून हसले. मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर मला फार राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

त्या वर्गात काय झालं ते मला मनतशानं सांगितलं. आमच्या गल्लीतल्या मुनीबभाईंची मुलगी, त्याच वर्गातली, जिभेला धार असलेली. सर आत आले, टेबलावर एक पोटली ठेवली आणि शेजारी तुरीचं एक लहान पोतं. म्हणाले, "पहिल्या दोन प्रकरणांत मी तुम्हाला चुकीचं शिकवलंय. आज दुरुस्त करू." मग प्रत्येकाला आधी पोटलीतला दाणा दिला आणि भाव लिहायला लावला. नंतर पोतं उघडलं. बोटं घाला, तळाचा माल वर काढा, दातानं दाणा फोडून ओल बघा, पुन्हा भाव लिहा. दोन आकड्यांत जे अंतर येईल ते वहीच्या डोक्यावर लिहून ठेवा.

मनतशानं विचारलं, "सर, मागच्या सगळ्या बॅचला पेपरात मार्क मिळाले त्यांचं काय?"

"ते पोटलीचे मार्क," सर म्हणाले. "पोतं उघडल्यावर काय झालं ते मी अजून कुणाला विचारलेलं न्हाई."

वर्ग हसला. मग म्हणे सरांनी तिसरं प्रकरण ऑगस्टमध्ये जिथं थांबलं होतं त्या ओळीपासून सुरू केलं.

त्या हिवाळ्यात सोमवारच्या तासाला इतर वर्गांतली पोरंही दारात उभी राहायला लागली. सर पूर्वीही चांगलंच शिकवायचे. आता त्यात खरं काय ते मिसळलं होतं, आणि त्यांना त्याची चव लागली होती. प्राचार्य एकदा मला म्हणाले, "बघा, उद्योगातला माणूस आणि आपला माणूस, फरक पडतो की नाही?" मी हो म्हणालो. नोकरी मलाही निवृत्तीपर्यंत टिकवायची होती.

फेब्रुवारीत समिती आली, त्याआधी प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी फाईल घेऊन तिथंच उभा होतो. "आपला दर्जा चांगला आला की संस्था हिरवी फाईल पुढे करते," ते म्हणाले. "पद तुमचंच आहे. एवढा एक तास दणक्यात होऊ द्या." बाहेर आल्यावर सरांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझं कडं रुतलं.

तास दणक्यात झाला. तुरीचे दिवस होते, सरांनी ताजा माल आणला होता. समितीचे अध्यक्ष, परगावचे निवृत्त कुलगुरू, मागच्या बाकावर दहा मिनिटांसाठी टेकले आणि तास संपेपर्यंत हलले नाहीत. शेवटी स्वतः उठून पोत्यात हात घातला, मनतशाच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहिला, नि हरले. फार खूश झाले. बाहेर व्हरांड्यात त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय शिकवता हो! डाळीच्या धंद्यात किती वर्षं आहात?"

सर म्हणाले, "सहा महिने. त्याआधी अकरा वर्षं याच वर्गात शिकवत होतो."

प्राचार्यांनी एका श्वासात जागा भरून काढली. "म्हणजे साहेब, त्यांचं आमच्या महाविद्यालयाशी फार जुनं नातं आहे. माजी विद्यार्थी आमचे."

"वा! नातं जपलंत," अध्यक्ष म्हणाले. मग सरांचा हात हातात घेऊन, अगदी मनापासून म्हणाले, "पण तुम्ही खरं तर शिक्षणक्षेत्रात यायला हवं होतं. तुमच्यासारख्यांची तिथं फार गरज आहे."

सर म्हणाले, "हाव साहेब." दुसरं काय म्हणणार?

एप्रिलमध्ये दर्जा लागला, उत्तम लागला. पेढे वाटले. अहवालात सोमवारच्या तासावर अर्धं पान होतं. मी ते दोनदा वाचलं आणि हिरव्या फाईलवरची धूळ पुसून ती टेबलावर आणून ठेवली. आठ दिवसांनी संस्थेच्या बैठकीचा ठराव आला. 'कृषी विपणन या विषयाचे अध्यापन उद्योगक्षेत्रातील तज्ज्ञांमार्फत अत्यंत समाधानकारक रीतीने होत असल्याचे समितीने नमूद केलेले असल्याने, सदर विषयाच्या पूर्णवेळ पदाचा प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे.' खाली सर्वानुमते, अशी नोंद.

हा कागद शिपायाहाती पाठवणं मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच यार्डात गेलो. गर्दी नुकती जमत होती. सर एका पोत्यात सळई घालून वाकले होते, गुरुपादप्पा शेजारी तंबाखू मळत होते. सरांनी हात शर्टाला पुसले, ठराव घेतला, शेवटपर्यंत वाचला. मग पोत्यावर बसले. डोळ्यांत पाणी आलं. धुळीनं आलं म्हणावं, तर पोतं अजून उघडलेलं नव्हतं.

"चांदभाई," ते म्हणाले, "मी वाईट शिकवलं असतं तर?"

उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वाईट शिकवलं असतं तर दर्जा पडला असता, तज्ज्ञ नापास झाला असता, आणि संस्थेला पूर्णवेळ मास्तर नेमावा लागला असता. गुरुपादप्पा कानडीत काहीतरी पुटपुटले. मला अर्थ विचारायचं धाडस झालं नाही.

"आप्पांना काय सांगू?" सर म्हणाले. "ते जूनची वाट बघून राहिले."

काय सांगितलं ते मला माहीत नाही. पारावर यंदा कुणी काही ऐकलं नाही एवढं खरं.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले. प्राचार्यांनी उद्योग प्रतिनिधीचं निमंत्रणपत्र करायला सांगितलं, जाड कागदावर, संस्थेच्या बोधचिन्हासह. सर ते न्यायला आले. केबिनमधली गादीची खुर्ची रिकामी होती, पण ते सरळ माझ्याकडे आले, खाली वाकून प्रश्नपत्रिकांची घडी नीट सारली आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसले. पत्र वाचलं. उलटून मागची बाजू बघितली.

"चांदभाई, ती शेवटची ओळ राहिली की."

"तज्ज्ञांच्या पत्राला ती लागत नाही, सर."

"का? तज्ज्ञाला हक्क प्राप्त होतो?"

"न्हाई. तो मागायला येईल असं कुणाला वाटत न्हाई, म्हणून."

सरांनी मान हलवली. कपाटाकडे एकदा बघितलं, सवयीनं. हिरवी फाईल तिथं नव्हती, मी ती बंद प्रकरणांच्या गठ्ठ्यात बांधून वर टाकली होती. मग त्यांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं.

"तेवढी ओळ टाका," ते म्हणाले. "तिच्याबिगर हे मला माझं पत्र वाटंना."

मी संगणकावर पत्र पुन्हा उघडून ती ओळ टाईप करायला घेतली, बाराव्यांदा. अकराची घंटा झाली, तेव्हा सर खिशातला खडू चाचपत उठले होते.